कूतचा वेढा, १९१५-१६: दोन चुली, दोन आजार

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात, ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की सैन्याने मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकातल्या, कूत-अल-अमाराला वेढा घातला. बगदादच्या आग्नेयेला सुमारे १६० किलोमीटरवर, टायग्रिस नदीच्या एका मोठ्या वळणात वसलेलं हे मातीच्या घरांचं गाव. तीन बाजूंना नदी, चौथीला शत्रू. नोव्हेंबरात बगदादजवळच्या टेसिफॉनला मार खाऊन मागे फिरलेली ब्रिटिश हिंदी फौज इथे दम खायला थांबली आणि तिथेच अडकली. सेनापती होते मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. फौजेचं नाव सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. म्हणजे या प्रकरणातले बरेच जण साताऱ्या-रत्नागिरीकडच्या घरांतून गेलेले. त्यांची नावं इथे येणार नाहीत. नावं येतील ती फक्त निर्णय ज्यांच्या हातात होते त्यांची.

आत खाणारी तोंडं किती? सुमारे दहा हजार लढाऊ सैनिक आणि साडेतीन हजार बिनलढाऊ माणसं, म्हणजे भिश्ती, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी. गावचे रहिवासी सहा हजारांच्या आसपास. शिवाय तीन हजारांच्या घरात घोडे आणि खेचरं. या जनावरांची संख्या लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

गावातला झाकलेला बाजार रिकामा करून तिथे रुग्णालय थाटलं. टेसिफॉनचे जखमी आधीच होते, त्यात वेढ्याची भर पडू लागली. वैद्यकीय प्रमुख होते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कर्नल पॅट्रिक हेहिर. वेढ्यातल्या आजारांबद्दल आज जे नेमकेपणाने सांगता येतं, त्याचं बरंचसं श्रेय त्यांच्या नोंदींना जातं.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी. त्या काळी हिंदी शिपायाच्या रुग्णालयाची रीतच वेगळी होती. छावणीत पलटणीच्या दवाखान्यात भरती होणाऱ्या शिपायाने अंथरूण, कपडे आणि जेवण आपलंच आणायचं. गोऱ्या सैनिकाला दवाखान्यात दूध, रस्सा, हलका आहार असे ठरलेले प्रकार मिळत. हिंदी शिपायासाठी तशी व्यवस्था १९१८ मध्ये, पलटणीचे दवाखाने मोडून एकत्र रुग्णालयं काढली तेव्हा आली. त्यामुळे रुग्णाचं जेवण ठरवणं हे डॉक्टरचं काम आहे, ही समजूतच हिंदी बाजूला कच्ची होती. जेवण ठरवायचा तो शिधाखात्याचा तक्ता.

आणि तक्ते दोन होते. गोऱ्या सैनिकाला कागदावर रोज पौंडभर पाव, पौंडभर मांस, पौंडभर बटाटे. हिंदी सैनिकाला दीड पौंड कणिक, चार औंस डाळ, दोन औंस तूप, खाणाऱ्याला चार औंस मांस आणि बटाटे अवघे दोन औंस. मीठमसाला, गूळ, चहा वेगळा. हिंदी तक्ता बघितला की पोट भरेल हे कळतं. ताज्या भाजीला मात्र त्यात जवळपास जागाच नव्हती. शिपाई गावी असता तर कांदा, मिरची, पालेभाजी, लिंबू आपल्या पैशाने आणून तो ही उणीव भरून काढत असे. सरकारने नेमकं हेच गृहीत धरलं होतं. वेढ्यात बाजार बंद झाला आणि हे गृहीत कोसळलं.

अडचण

पहिले काही आठवडे कोणाला उपाशी राहावं लागलं नाही. तरी रुग्णालयात गोऱ्या पलटणींतली माणसं पायांना सूज, पिंढऱ्यांत दुखणं, पायऱ्या चढताना धाप आणि पायातली जाणीव गेल्याची तक्रार घेऊन येऊ लागली. हा बेरीबेरी. त्याच वेळी शेजारच्या हिंदी वॉर्डात बेरीबेरी जवळपास नव्हताच.

कारण पावात होतं. गोऱ्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा, कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला. हिंदी सैनिक कोंड्यासकट दळलेल्या कणकेच्या चपात्या आणि वर डाळ खात होते. बेरीबेरी अडवणारं जीवनसत्त्व धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात असतं. जावा बेटावर पॉलिश केलेला तांदूळ आणि बेरीबेरी यांचा संबंध १८९० च्या दशकातच आयकमन या डच डॉक्टरांनी कोंबड्यांवर दाखवला होता, आणि १९१२ मध्ये फुंक या संशोधकांनी 'व्हिटॅमिन' हा शब्दही काढला होता. ज्ञान होतं, पण ते शिध्याच्या तक्त्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पांढरा मैदा संपला. गोऱ्यांनाही जवाचं आणि कणकेचं पीठ खावं लागलं, आणि बेरीबेरी ओसरला. टंचाईने एक आजार बरा केला, हे या प्रकरणातलं पहिलं आश्चर्य. तक्रार मात्र पावाच्या रंगाची होती.

मग पारडं फिरलं. हिंदी वॉर्डात हिरड्या सुजलेली, दात हलणारी, मांड्यांवर काळेनिळे डाग उमटलेली माणसं वाढू लागली. ही स्कर्व्ही. गोऱ्यांमध्ये ती फारशी दिसली नाही, कारण जानेवारीच्या अखेरीपासून ते घोड्याचं ताजं मांस खात होते, आणि रोज पौंडभर मिळालं तर ताज्या मांसातही स्कर्व्ही अडवण्यापुरतं जीवनसत्त्व क असतं. हिंदी सैनिकांनी घोडा खायला नकार दिला होता. त्यांच्या ताटात मांस नव्हतं आणि बटाटा कधीच संपला होता.

एका गावात, एका सेनापतीच्या हाताखाली, एकमेकांना हाक मारावी इतक्या अंतरावर दोन चुली. एका चुलीवर दुसरीच्या आजाराचं औषध शिजत होतं, आणि उलटही.

स्कर्व्हीच्या रुग्णाला त्या दिवसांत काय वाढलं जात असेल, ते जवळून बघू. जवाचं पीठ दळायला पुरेसं जातं नव्हतं, म्हणून विमानातून जात्याच्या तळ्या टाकाव्या लागल्या. दळण जाडंभरडं, त्यात तुसं. जवात कणकेसारखा चिकटपणा नाही, त्यामुळे चपाती लाटता येत नाही; थापून केली की कडा फाटतात आणि गार झाली की ती वातड होते. ती ज्याला चावायची त्याच्या हिरड्या रक्ताळलेल्या. भुकेने तो ती गिळतो, आणि मग आतड्याचा दाह सुरू होतो. 'कूतचा जुलाब' म्हणून जो प्रकार पुढे बोलला गेला, त्यात या भरड्याचा वाटा मोठा होता. वरून स्कर्व्हीत जखम भरत नाही, भरलेली पुन्हा उकलते. शस्त्रक्रियेच्या वॉर्डातला रुग्ण आणि आहाराच्या वॉर्डातला रुग्ण असा फरकच उरला नाही.

समोरचे पर्याय

वेढ्याच्या पहिल्या आठवड्यापासूनच टाउनशेंड यांच्यापुढे पाच वाटा होत्या.

पहिली, शिधा लगेच अर्धा करणे. ती घेतली नाही. सुटका महिन्या-दीड महिन्यात होईल असा अंदाज होता, आणि माघारीने खचलेल्या सैन्याला पहिल्याच दिवशी अर्धपोटी ठेवायला सेनापती तयार नव्हते. बाहेर कळवलेला अंदाजही साधारण दोन महिन्यांचा होता. या आकड्याने भलतंच काम केलं. सुटकेला येणारं सैन्य जनरल आयल्मर यांच्या हाताखाली तोकड्या तयारीने, घाईघाईने पुढे ढकललं गेलं आणि २१ जानेवारीला हन्नाच्या लढाईत त्याचं भयंकर नुकसान झालं.

दुसरी, गावकऱ्यांना बाहेर काढणे. परक्या काही लोकांना घालवलं, पण रहिवाशांना ठेवलं. थंडीच्या तोंडावर बायकापोरांना वाळवंटात ढकलू नये, असा आग्रह राजकीय अधिकारी पर्सी कॉक्स यांनी धरला होता. शिध्याच्या हिशेबात ही चूक, आणि माणूस म्हणून बघितलं तर बहुधा एकच करण्याजोगी गोष्ट. मी ती चुकांच्या यादीत धरत नाही.

तिसरी, गावात दडवलेलं धान्य शोधणे. हे डिसेंबरात करता आलं असतं. झालं जानेवारीच्या शेवटी, हन्नाच्या पराभवानंतर. घरं धुंडाळली तेव्हा सुमारे ९०० टन जव, १०० टन गहू आणि १९ टन तूप हाती लागलं. अंदाज एकदम ८४ दिवसांवर गेला. तोवर आयल्मर यांची माणसं जुन्या आकड्यावर मेली होती.

चौथी, जनावरं लवकर कापणे. घोडा कापला की मांस मिळतं ते एकदाच, पण तो रोज खात असलेला जव त्या दिवसापासून माणसांना मिळतो. सेनापतीला तोफा ओढायला आणि सुटकेनंतर हलायला जनावरं हवी होती, म्हणून कत्तल टप्प्याटप्प्याने झाली आणि घोडे आठवड्यांमागून आठवडे माणसांचं धान्य खात राहिले.

पाचवी सगळ्यांत अवघड: हिंदी सैनिकांनी घोडा खावा म्हणून काय करायचं?

घोड्याचा प्रश्न

नंतर लिहिणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हा विषय बऱ्याचदा 'हट्टी शिपाई' अशा सुरात उरकला आहे. आपण तसं करू नये. बकऱ्याचं मटण खाणाऱ्या मराठा शिपायालाही घोडा म्हणजे मटण नव्हे. दसऱ्याला ज्याची पूजा करायची, खंडोबाचं जे वाहन, ते ताटात कसं घ्यायचं? मुसलमान शिपायांपुढेही प्रश्न होता, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मजहबी रीतीत घोड्याचं मांस टाळण्याजोगं. पण धर्मापेक्षाही मोठी भीती गावाची होती. इथलं खाणं आज ना उद्या घरी कळणार. मग पंगतीला कोण बसवेल? बहिणीचं, मुलीचं लग्न कुठे जमणार? वाळीत टाकलेल्या घरात जगून परतण्यात काय अर्थ, असा तो हिशेब होता आणि तो वेडगळ नव्हता.

टाउनशेंड यांनी आधी परवानगीची वाट धरली. हिंदुस्तानात निरोप पाठवून हिंदू आणि मुस्लिम धर्मगुरूंकडून 'संकटात खायला हरकत नाही' असे निर्वाळे मागवले, ते आले, सैन्याला सांगितलेही गेले. परिणाम थोडाच झाला. कारण परवानगी म्हणजे 'तू ठरव', आणि ठरवणारा एकटा पडतो. अनेकांना हवा होता तो हुकूम. हुकूम झाला असता तर गावी सांगता आलं असतं की सरकारने खायला लावलं, आणि सगळ्या पलटणीने एकाच दिवशी खाल्लं असतं तर कोण कोणाला वाळीत टाकणार? पण १८५७ च्या काडतुसांची आठवण असलेल्या सरकारला धर्माच्या बाबतीत हुकूम सोडायचा धीर होईना. सैनिक आणि सेनापती दोघेही ज्याची वाट बघत होते, तो शब्द एप्रिलपर्यंत स्पष्ट बोलला गेला नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पिठाचा शिधा माणशी पाच औंसांवर आला. म्हणजे दिवसाला मूठ-दीड मूठ. तेव्हा टाउनशेंड कडक झाले: जे हिंदी अधिकारी खाणार नाहीत आणि त्यापायी दुबळे होतील, त्यांच्या जागी खाणाऱ्यांना बढती. काही दिवसांत हजारो लोकांनी खायला सुरुवात केली. पण स्कर्व्ही तोवर हाडीमाशी बसली होती, आणि वेढा संपायला दोन-अडीच आठवडे उरले होते.

काय केलं गेलं

हेहिर आणि त्यांच्या डॉक्टरांच्या हातात फार काही नव्हतं, पण जे होतं ते त्यांनी वापरलं. भाजीचं बी मिळवून गावात वाफे केले. वसंतात नदीकाठी आणि खंदकांच्या मागे रानटी पाला उगवला, तो खुडून शिजवला. इथे आपल्या शिपायांचा डोळा कामी आला असणार. तांदुळजा, घोळ, चिवळ ओळखणाऱ्या माणसाला परक्या मातीतही हिरवं काय तोंडात घालावं याची चाचपणी करावीशी वाटतेच. पण अनोळखी पाला खाऊन पोट बिघडल्याच्या घटनाही घडल्या.

रुग्णांसाठी राखलेलं डब्यातलं दूध संपलं. मग उरली तांदळाची पेज नाहीतर कॉर्नफ्लोअरची लापशी. अशक्त पोटाला पेज सोसते हे खरं, पण तिने ना हिरडी सुधारते ना जखम भरते. भूक मारायला काही लोक अफू घेत होते, आणि डॉक्टरांनीही त्याकडे काणाडोळा केला.

१५ एप्रिलपासून विमानांनी पीठ, साखर, मीठ, चॉकलेट टाकायला सुरुवात केली. वेढ्यातल्या फौजेला हवेतून शिधा पुरवण्याचा हा जगातला पहिलाच मोठा प्रयत्न. वैमानिकांनी जिवापाड मेहनत केली, तरी काही पोती टायग्रिसमध्ये पडली, काही तुर्कांच्या खंदकांत. कूतला पोचलं ते दोन आठवड्यांत सुमारे १६,८०० पौंड. साडेतेरा हजार माणसांत वाटलं तर माणशी जेमतेम सव्वा पौंड, दोन आठवड्यांसाठी. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' ही आगबोट २७० टन शिधा घेऊन नदीतून घुसायला निघाली आणि वाटेत अडकून तुर्कांच्या हाती पडली. त्यानंतर करण्यासारखं काही राहिलं नाही.

परिणाम

२९ एप्रिल १९१६ला कूत शरण गेलं. वेढ्याच्या काळात १,०२५ माणसं मारली गेली किंवा जखमांनी मेली आणि ७२१ आजाराने. शेवटी सुमारे हजार हिंदी सैनिक स्कर्व्हीने पछाडलेले होते.

खरी कत्तल नंतर झाली. शरणागतीनंतर गाव सोडून शुमरानच्या छावणीत नेलेल्या, आठवडे अर्धपोटी असलेल्या माणसांना तुर्कांनी दिली ती त्यांच्या सैन्याची जाड, दगडासारखी टणक बिस्किटं. काहींनी ती फोडून तशीच खाल्ली, काहींनी भिजवून. सुकलेल्या आतड्याला ती झेपली नाहीत. पहिल्या काही दिवसांतच शेकडो माणसं जुलाबाने गेली. सर्वांत वाईट अवस्थेतल्या अकराशेहून अधिक रुग्णांना अदलाबदलीत ब्रिटिशांकडे सोडलं, आणि त्यांच्यातले बरेच वाचले. बाकीच्यांना वाळवंटातून पायी नेलं. त्यांतले हजारो परत आले नाहीत.

कूतबाहेरही धडा लगेच घेतला गेला असं नाही. १९१६ च्या उत्तरार्धात मेसोपोटेमियातल्या हिंदी सैनिकांत स्कर्व्हीचे रुग्ण हजारोंनी वाढले, आणि इथे ना वेढा होता ना घोड्याचा प्रश्न. तिथे दोष सरळ तक्त्याचा होता. ताजं मांस, बटाटा, भाजी वाढवली तेव्हा आकडे उतरले.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यांत सोपी गोष्ट: डिसेंबरातच दोन्ही चुलींची पिठं मिसळणे. पांढरा मैदा आणि कणिक सगळ्यांना वाटून दिली असती तर बेरीबेरी बहुधा आलाच नसता. पण 'गोऱ्याचा पाव' आणि 'काळ्याची चपाती' हा फरक शिध्याचा नव्हता, दर्जाचा होता. तो मोडायला मैदा संपावा लागला.

दुसरी, गावाची झडती पहिल्या आठवड्यात. याबद्दल दुमत व्हायला जागा नाही. खरा साठा कळला असता तर आयल्मर यांना तयारीला वेळ मिळाला असता.

तिसरी, घोड्याचा हुकूम. मला वाटतं तो जानेवारीतच, सुभेदार-जमादारांना विश्वासात घेऊन, सगळ्या पलटणींना एकाच दिवशी द्यायला हवा होता. उलट बाजूने असं म्हणता येईल की नकार संघटित झाला असता तर वेढ्याच्या आत बंड उभं राहिलं असतं. ही शक्यता खोटी नाही. पण एप्रिलमध्ये सक्ती झाली तेव्हा बंड झालं नाही, हेही तितकंच खरं.

चौथ्या गोष्टीपाशी मी जरा जास्त रेंगाळतो, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळात स्कर्व्हीवर काम केलं. सैन्याला दिला जाणारा 'लाइम'चा, म्हणजे आपल्या कागदी लिंबासारख्या फळाचा, रस 'लेमन' या मोठ्या पिवळ्या लिंबाच्या मानाने किती पांगळा आहे, हे त्यांनी दाखवलं. १९१९ मध्ये त्यांनी चिंच, आमसूल आणि आमचूर यांचीही परीक्षा घेतली, कारण हे पदार्थ हिंदी सैनिकांना स्कर्व्हीवर म्हणून दिले जात होते. गुण थोडासाच निघाला. वाळवणात बहुतेक गेलेला. मोड आलेल्या कडधान्यांची गोष्ट वेगळी. कोरड्या कडधान्यात जीवनसत्त्व क नसल्यात जमा, पण भिजवून मोड आणले की ते तयार होतं. सर्बियन सैनिकांच्या रुग्णालयात वायल्टशायर या डॉक्टरांनी स्कर्व्हीच्या एका गटाला 'लेमन'चा रस दिला आणि दुसऱ्याला मोड आलेल्या घेवड्याच्या बिया, किंचित शिजवून. बिया खाणारा गट मागे पडला नाही.

मराठी घरात हे वाचून कोणीही म्हणेल, मग मटकी का भिजवली नाही? मोठी अडचण अशी की शिध्यात होती ती डाळ. डाळ म्हणजे भरडलेलं, सोललेलं कडधान्य. तिला मोड येत नाहीत. शिधाखात्याला डाळ सोयीची, लवकर शिजते, जळण कमी लागतं, आणि कूतमध्ये जळणाचीही बोंब होती. अख्खे मूग, मटकी किंवा हरभरे पाठवा असं तक्ता लिहिणाऱ्याला सुचायचं काही कारण नव्हतं. शिपायाला मोडाचा गुण माहीत असला तरी तक्त्याबद्दल त्याला कोणी विचारत नव्हतं.

पण मोड फक्त कडधान्यालाच येतात असं नाही. अंकुरलेल्या धान्यातही हा गुण असतो, आणि हे नॉर्वेतल्या संशोधकांनी १९१२ च्या सुमारास प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. त्याला लागतं काय? अख्खं धान्य, गाळलेलं पाणी, ओलं गोणपाट आणि दोन-तीन दिवस. दळणाची गरज नाही, जळण नाममात्र. कूतमध्ये दळायला जाती नव्हती, म्हणून विमानातून तळ्या मागवल्या; आणि घोड्यांच्या तोबऱ्यांत रोज जात होता तो जव अख्खाच होता.